आवाज येतोय का?

वीकेण्डला डेटा अ‍ॅनालिटिक्स, रात्री जर्मन, लोकलमध्ये कानात डिजिटल मार्केटिंग... ऑफिस सांभाळून शिकणारी आपली अख्खी पिढी ऑनलाइन वर्गात जाऊन बसली आहे. कोर्स निवडताना आपण फी बघतो, सर्टिफिकेट बघतो, प्लेसमेंटची चौकशी करतो. पण त्या वर्गात वागायचं कसं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतं. म्हणून ही थोडी उजळणी!

'आवाज येतोय का?'

२०२० नंतर हा प्रश्न आपण जितक्या वेळा ऐकला असेल, तितक्या वेळा घरच्यांनी 'जेवलास का?' असंही विचारलं नसेल. शनिवारची सकाळ, एक्सेलचा नाहीतर एसक्यूएलचा क्लास आणि स्क्रीनवर साठ काळे चौकोन. सर मनापासून विचारतात, 'आवाज येतोय ना सगळ्यांना?' शांतता. सर पुन्हा विचारतात. मग एखादा दयाळू जीव चॅटमध्ये 'येस सर' टाकतो आणि गाडी पुढे सरकते. बाकीचे एकोणसाठ? ते असतात. म्हणजे बहुधा असतात. कोणी चहा गाळत असतं, कोणी ऑफिसच्या मेलला उत्तर देत असतं, कोणी चक्क पुन्हा झोपलेलं असतं.

आता हेच साठ जण दादरच्या एखाद्या क्लासमध्ये समोर बसलेले असते तर? निदान माना तरी हलल्या असत्या. उशिरा येणारा दारात थबकला असता, सरांकडे बघून हळूच मागच्या बाकावर सरकला असता. शेजारच्याला कळलं नाही, तर कुणीतरी न बोलता वही पुढे सरकवली असती. हे सगळं शाळेपासून इतकं अंगात मुरलेलं असतं, की आपण 'मॅनर्स' पाळतोय हे लक्षातही येत नाही.

आणि नेमका तिथेच लोचा आहे. प्रत्यक्ष वर्गात आपली निम्मी सभ्यता आपलं शरीर सांभाळतं. मान हलते, नजर जाते, चेहरा ओशाळतो. ऑनलाइन वर्गात शरीर गायब! मग जे मान हलवून सांगायचो, ते आता शब्दांत सांगावं लागतं. नाही सांगितलं, तर समोरचा स्वतःच अर्थ लावतो. सरांना वाटतं मुलांना इंटरेस्ट नाही. बॅचमेटला वाटतं आपल्याला उडवून लावलं. मनात तसं काही नसतं, पण मनातलं वाय-फायवरून जात नाही ना!

तीस वर्षं जुना फंडा

हे दुखणं आजचं आहे असं वाटत असेल, तर थांबा. व्हॉट्सअ‍ॅपचा जन्मही झाला नव्हता तेव्हा, १९९४ मध्ये, व्हर्जिनिया शे या अमेरिकन लेखिकेनं 'नेटिकेट' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला सगळ्यात पहिला नियम सांगायचा तर एवढाच, की पलीकडे हाडामासाचा माणूस आहे हे विसरू नका. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, इंटेलमधल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवर वागण्याच्या सूचनांचा एक दस्तावेज तयार केला. 'आरएफसी १८५५' हे त्याचं रुक्ष नाव. सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तर ओरडल्यासारखं वाटतं, रागाच्या भरात लिहिलेलं उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या, असे सल्ले त्यात आहेत. तीस वर्षं झाली. अजून आपल्या बॅचच्या ग्रुपवर रात्री बाराला 'PLEASE REPLY' असं कॅपिटलमध्ये येतंच, माफ करा, 'प्लीज रिप्लाय' असं ओरडणं येतंच!

असं का होतं, याचं उत्तर जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं २००४ मध्ये दिलं. समोरचा दिसत नसला, त्याची प्रतिक्रिया लगेच कळत नसली, की माणसाचा आतला ब्रेक सैल होतो, असं त्याचं म्हणणं. यातली इंटरेस्टिंग गोष्ट पुढेच आहे. ब्रेक दोन्ही बाजूंनी सैल होतो. एखादा उगाच उद्धट होतो, तर एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी चॅटमध्ये धीटपणे प्रश्न विचारते. म्हणजे ऑनलाइन वर्ग हा लाजाळू माणसासाठी वरदान ठरू शकतो. फक्त त्यानं प्रश्न टाकल्यावर पुढे काय होतं, यावर सगळं अवलंबून.

'हे तर बेसिक आहे यार!'

समजा, रात्री नऊची बॅच आहे. साठ जण. त्यात एक जण डोंबिवलीहून जॉइन होते. मुलगी तीन वर्षांची झाली, आता पुन्हा नोकरी करायची म्हणून डेटा अ‍ॅनालिटिक्स शिकतेय. मुलीला झोपवून, ओटा आवरून ती लॉगिन करते. दुसऱ्या आठवड्यात ती चॅटमध्ये लिहिते, 'मॅम, प्रायमरी की म्हणजे नक्की काय?' मॅम पुढच्या स्लाइडवर गेलेल्या असतात. खाली दोन हसरे इमोजी येतात. मग एकाची कमेंट, 'हे तर बेसिक आहे यार, गुगल करा ना.' ती लिहिते, 'ओके, सॉरी.' संपलं. वीस सेकंदांचं प्रकरण.

त्यानंतर ती प्रश्न विचारत नाही. चौथ्या आठवड्यात 'रेकॉर्डिंग बघेन' असं स्वतःलाच सांगते. सहाव्या आठवड्यात ती नसते. प्रत्यक्ष वर्गात एक बाक रिकामा दिसला असता, 'ती आली नाही का आज?' असं कुणीतरी विचारलं असतं. इथे साठाच्या जागी एकोणसाठ चौकोन. कोण मोजणार?

ज्यानं 'गुगल करा' म्हटलं, तो काही सिनेमातला व्हिलन नाही. दिवसभर क्लायंटची बोलणी खाऊन तो बसलाय, त्याला पुढचा टॉपिक हवाय. समोरासमोर असता, तर तिचा पडलेला चेहरा बघून तोच म्हणाला असता, 'अहो सॉरी, तसं नव्हतं म्हणायचं.' चेहरा दिसलाच नाही, म्हणून ते वाक्यही आलं नाही.

आता आकडा बघा. हजारोंनी प्रवेश घेणाऱ्या खुल्या ऑनलाइन कोर्सेसचा केटी जॉर्डन या संशोधिकेनं अभ्यास केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोर्स पूर्ण करण्याचं मध्यक प्रमाण निघालं १२.६ टक्के. म्हणजे शंभरातले जेमतेम तेरा जण शेवटपर्यंत पोचले. याचं खापर कुणाच्या उद्धटपणावर फोडणं चूक होईल. कुणाला वेळ मिळत नाही, कुणाचं प्रोजेक्ट बदलतं, कुणी फक्त डोकवायला आलेलं असतं. पण एक मात्र खरं. ज्या वर्गातून निघून जाणं इतकं सोपं आहे, तिथे टिकून राहायला छोटंसं कारणही पुरतं आणि सोडून जायला त्याहून छोटं.

आणि दूरस्थ शिक्षण मुळात आहे तरी कुणासाठी? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं ते 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन. ज्यांना कॉलेजच्या वेळा जमत नाहीत, ज्यांचं शिक्षण मधेच सुटलं, ज्यांच्यावर घराची जबाबदारी आहे, त्यांच्यापर्यंत पोचायचं म्हणून. पुढे २००३ मध्ये आयआयटींचं 'एनपीटीईएल' आलं, २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'स्वयम्' आलं. दरवाजे एकेक करून उघडत गेले. इतक्या लांबून दारापर्यंत आलेल्या माणसाला आपल्या एका इमोजीनं परत पाठवायचं, हे काही बरं नाही बॉस!

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला किती वेळ लागला असता? 'प्रायमरी की म्हणजे टेबलमधल्या प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख. एम्प्लॉयी नंबरसारखी. दोघांची सारखी नसते.' वीस सेकंद. तेवढेच वीस सेकंद.

प्रश्न विचारायचीही रीत असते

टाळी एका हातानं वाजत नाही. उत्तर देणाऱ्यानं नीट वागावं हे खरं, पण विचारणाऱ्यानंही समोरच्याचा वेळ धरावा. 'सर नॉट वर्किंग. अर्जंट.' हा मेसेज प्रत्येक बॅचमध्ये येतो. काय नॉट वर्किंग? लॅपटॉप, फॉर्म्युला, की नशीब?

त्याऐवजी हे बघा: 'सर, व्ही-लुकअपच्या दुसऱ्या उदाहरणात मला एरर येतेय. शीट दोनमधला कोड शीट एकमध्ये शोधतोय. कोडच्या मागच्या जादा स्पेस काढून बघितल्या, तरी फरक नाही. स्क्रीनशॉट जोडलाय. उद्यापर्यंत सांगितलंत तरी चालेल.' यात काय अडलं, आपण काय करून पाहिलं आणि घाई आहे की नाही, हे तिन्ही आलं. वाचणाऱ्याला उत्तर देणं सोपं झालं. गंमत म्हणजे असा प्रश्न लिहिता लिहिता अर्ध्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

नुसतं 'हाय' टाकून बसणाऱ्यांसाठी एक प्रेमळ सूचना. 'हाय' आलं की समोरचा काम सोडून फोन उचलतो आणि तुम्ही पुढचे दहा मिनिटं 'टायपिंग...' करत राहता. 'हाय'च्या शेपटीलाच प्रश्न जोडा. आणि अडचण सुटली की ग्रुपवर एक ओळ टाका, 'झालं, स्पेसचाच प्रॉब्लेम होता, थँक्यू.' त्यानं मदत करणाऱ्याला बरं वाटतं आणि तोच घोळ झालेल्या आणखी चौघांचं काम होतं.

पुणेरी टोमणा नेटवर पोचत नाही

आपण मराठी माणसं तिरकस बोलण्यात हुशार. पुणेरी पाट्या आपण अभिमानानं फॉरवर्ड करतो. पण टोमण्यात जी मजा असते ती आवाजात असते, भुवईत असते. टाइप केल्यावर उरतो तो नुसता बोचरा भाग.

हे फक्त आपल्याला वाटतं असं नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ई-मेलवरच्या संवादाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपहासानं पाठवायला सांगितली. पाठवणाऱ्यांना वाटत होतं, सुमारे ७८ टक्के वेळा समोरच्याला आपला सूर बरोबर कळेल. प्रत्यक्षात मेलवर तो कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवलं तरी पन्नास टक्के येतातच की! म्हणजे 'वा, काय भारी प्रेझेंटेशन केलंस' हे तुम्ही कौतुकानं लिहिलं की खवचटपणे, हे वाचणाऱ्याला जवळजवळ अंदाजानंच ठरवावं लागतं.

हल्ली बऱ्याच कोर्सेसमध्ये एकमेकांच्या असाइनमेंट तपासायच्या असतात. तिथे हा मुद्दा फार महत्त्वाचा. 'नॉट क्लिअर' एवढं लिहून मोकळं होऊ नका. काय जमलंय ते आधी, काय जमलं नाही ते नंतर, आणि शेवटी काय करता येईल ते. 'चार्ट एकदम सुटसुटीत आहे. पण विक्री घसरली ती मार्चमध्ये की एप्रिलमध्ये, हे कळत नाही. महिन्यांची नावं खाली टाकली तर सोपं जाईल.' यात कुणाची खोटी स्तुती नाही आणि कुणाचा पाणउताराही नाही. आणि चूक मोठी असेल, तर ती साठ जणांसमोर कशाला? खासगी मेसेज कशासाठी आहे?

तू, तुम्ही की 'हाय डिअर'?

इंग्रजीचं एक बरं असतं. 'यू' म्हटलं की सगळे आले. पण चॅट मराठीत शिरलं की पंचाईत! बॅचमध्ये तेवीस वर्षांचा फ्रेशर असतो आणि अठ्ठेचाळीस वर्षांचे बँक मॅनेजरही असतात. डीपीवर दोघांचाही गॉगल घातलेला लोणावळ्याचा फोटो. ओळखायचं कसं?

सोपा फंडा. सुरुवात 'तुम्ही'पासून करा. समोरचा 'अरे, तू म्हण की' असं म्हणाला, की बिनधास्त 'तू'वर या. 'तुम्ही'वरून 'तू'वर येताना मैत्री होते, उलट्या दिशेनं जाताना फक्त अवघडलेपण. जर्मन शिकणाऱ्यांना तर हे पहिल्या काही तासांतच शिकवतात. परक्याला 'झी', जवळच्याला 'डू'. म्हणजे जर्मनमध्ये आपण काटेकोर आणि मराठीत मात्र अनोळखी माणसाला थेट 'ए, पीडीएफ पाठव ना'! आणि हो, वयानं मोठ्या बॅचमेटना 'काका', 'आंटी' म्हणून हाक मारू नका. तेही तुमच्याइतकीच फी भरून आलेत. नाव आणि 'तुम्ही' एवढं पुरतं.

भाषेचं आणखी एक. बॅचमध्ये इंदूरचा, चेन्नईचा कुणी असेल, तर कॉमन चॅटमध्ये दोघांनीच मराठीत गप्पा हाणणं म्हणजे त्याच्यासमोर कुजबुजण्यासारखं. आणि हेच उलट्या बाजूनं. कुणी मोडक्या इंग्रजीत किंवा मराठीत प्रश्न विचारला, तर त्याच्या व्याकरणाला हसायचं नाही. तो इथे एसक्यूएल शिकायला आलाय, 'द' आणि 'अ' लावायला नाही.

आता थोडं सीरियस. क्लासच्या ग्रुपवर सगळ्यांचे नंबर दिसतात. ते नंबर क्लाससाठी असतात. तिथून एखादीचा नंबर उचलून रात्री साडेअकराला 'हाय डिअर, आज क्लासमध्ये छान दिसत होतीस' असा मेसेज करणं याला मैत्री म्हणत नाहीत. तिच्या शिकण्यात तुम्ही अडथळा आणताय. अशा मेसेजनंतर ती कॅमेरा बंद करते, मग प्रश्न बंद करते आणि शेवटी ग्रुप सोडते. अभ्यासाचंच काम असेल, तर ते ग्रुपवर विचारा किंवा 'एका असाइनमेंटबद्दल विचारायचं होतं, इथे मेसेज केला तर चालेल का?' असं आधी विचारा. उत्तर आलं नाही, तर ते 'नाही' असं समजा. आणि असं काही तुमच्यासमोर घडलं, तर 'आपल्याला काय' म्हणून गप्प बसू नका. कोऑर्डिनेटरला कळवा.

कॅमेरा ऑन की ऑफ?

हा वाद भारत-पाकिस्तान मॅचसारखा आहे, संपतच नाही. शिकवणाऱ्यांचं म्हणणं, काळ्या चौकोनांशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. शिकणाऱ्यांचं म्हणणं, दिवसभर ऑफिसच्या कॉलवर तोंड दाखवून दमलो.

दोघांचंही बरोबर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली. इतके चेहरे इतक्या जवळून सतत आपल्याकडे बघतात. स्वतःचाच चेहरा सारखा समोर दिसतो. एका जागी खिळून बसावं लागतं. आणि एरवी सहज होणारे हावभाव मुद्दाम करावे आणि समजून घ्यावे लागतात. त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी आपले विद्यार्थी कॅमेरा का लावत नाहीत, याची पाहणी प्रसिद्ध केली. सगळ्यात जास्त जणांनी सांगितलेलं कारण होतं, आपण कसे दिसतोय याची चिंता. मागे घरातली माणसं किंवा खोली दिसेल आणि नेट कमजोर आहे, हीसुद्धा कारणं होती. त्यांचा सल्ला असा, की कॅमेऱ्याची सक्ती नको, प्रोत्साहन द्या आणि तो कशासाठी हवा ते सांगा.

मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मागून आजोबा टॉवेल गुंडाळून जातात, कुकरची शिट्टी होते, भाजीवाला ओरडतो. कॅमेरा बंद ठेवणं हा गुन्हा नाही. पण बंद ठेवून गायब होणं हा नक्कीच आगाऊपणा आहे. मग मधला मार्ग? सुरुवातीला दोन मिनिटं चेहरा दाखवा, नमस्कार करा, मग बंद करा. किंवा चॅटमध्ये एक ओळ टाका, 'सर, आज ट्रेनमध्ये आहे, ऐकतोय.' मधूनमधून 'कळलं', 'हे पुन्हा सांगाल का?' एवढं लिहा. हीच तुमची ऑनलाइन मान हलवणं. आणि हो, स्क्रीनवरचं 'रेडमी नोट' किंवा 'गेस्ट १२' हे नाव बदलून स्वतःचं नाव टाका. आईनं ठेवलंय, वापरा!

प्रोजेक्टच्या आदल्या रात्री

ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे ऑनलाइन वर्गाची अग्निपरीक्षा. पाच जणांचा ग्रुप, त्यात दोघं काम करतात, एक जण अंगठा दाखवतो, एक जण 'नक्की करतो' म्हणतो आणि पाचवा थेट सबमिशनच्या रात्री उगवतो, 'माझं नाव टाकलंय ना?'

ऑफिसमध्ये रिलीज असतं, घरी आजारपण असतं, सगळ्यांचंच असतं. न जमणं यात अपमान काही नाही. न कळवणं यात आहे. 'मला या आठवड्यात जमणार नाही, माझा भाग कुणी घेईल का? पुढच्या वेळी प्रेझेंटेशन मी करतो,' हे बुधवारी सांगितलं तर चौघं सांभाळून घेतात. तेच रविवारी रात्री अकराला सांगितलं, तर चौघांची झोप जाते. वेळेचंही तसंच. तुमच्यापैकी एक जण दुबईत असेल, एक जण नाइट शिफ्टला. रात्री एकला सुचलेलं पाठवायचंच असेल, तर 'सकाळी बघा, घाई नाही' हे जोडा. त्या चार शब्दांनी समोरच्याची झोप वाचते.

बॉटलाही परवानगी लागते

ही नव्या जमान्याची भानगड. हल्ली काही जण स्वतः येत नाहीत, आपला नोट्स घेणारा एआय बॉट पाठवतात. एखाद्या क्लासमध्ये माणसं कमी आणि बॉट जास्त असं झालं, तर शिकवायचं कुणाला? बॉट लावायचा असेल, तर शिकवणाऱ्याला आणि बॅचला विचारा. कारण तो फक्त सरांचं लेक्चर टिपत नाही. कुणाचा अडखळत विचारलेला प्रश्न, कुणी सांगितलेली ऑफिसमधली अडचण, सगळं टिपतो. रेकॉर्डिंगच्या क्लिप्स आणि स्क्रीनशॉटचंही तेच. बॅचमेटचा डोळे मिटलेला फोटो स्टिकर बनवून फिरवणं तुम्हाला टाइमपास वाटेल. ज्याचा फोटो आहे त्याला तसं वाटेलच असं नाही.

दुसरी गोष्ट, चॅटबॉटची उत्तरं. बॅचमेटनं काही विचारलं आणि तुम्ही एआयकडून आलेले सात परिच्छेद जसेच्या तसे चिकटवले, तर ती मदत होत नाही. तेवढं त्यालाही करता आलं असतं. त्यानं माणसांना विचारलं, कारण त्याला तुमचा अनुभव हवा होता. एआयची मदत घ्या, बेलाशक घ्या. पण वाचा, तपासा, दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत सांगा. आणि एआयकडून घेतलंय हे सांगून टाका.

सर, मॅडम, हे तुमच्यासाठी

सगळे नियम शिकणाऱ्यांनाच का? शिकवणाऱ्यांकडेही थोडं बघू. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली एक साधी गोष्ट मोजली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी किती थांबतात? उत्तर निघालं साधारण एक सेकंद! आणि तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, तर उत्तरं मोठी येऊ लागली, जास्त मुलं बोलू लागली, स्वतःहून प्रश्न विचारू लागली. हे झालं समोरासमोरच्या वर्गाचं. ऑनलाइन वर्गात आवाज उशिरा पोचतो, मग माइकचं बटण शोधावं लागतं, मग धीर गोळा करावा लागतो. तिथे निदान दहा सेकंद तरी थांबा ना, सर! 'एनी डाउट्स? नो? ओके, नेक्स्ट,' हे एका श्वासात म्हणणं म्हणजे दार उघडून लगेच तोंडावर बंद करणं.

आणि चॅटमध्ये कुणी 'बेसिक आहे' म्हणून कुणाला हसलं, तर दोन शब्द तुम्हीच बोला. 'चांगला प्रश्न आहे, अनेकांना इथेच अडतं.' तुमचं ते एक वाक्य पुढच्या दहा प्रश्नांना वाट करून देतं.

सेव्ह करून ठेवा!

• क्लासच्या पाच मिनिटं आधी जॉइन व्हा, माइक बंद आहे ना ते बघा. उशीर झालाच, तर सगळ्यांना 'हाय ऑल, सॉरी' न ऐकवता गुपचूप बसा.

• प्रश्न टाकण्याआधी पिन केलेला मेसेज आणि वरचं चॅट वाचा. उत्तर तिथेच असू शकतं.

• ग्रुपवर गुड मॉर्निंग, फॉरवर्ड आणि राजकारण नको. त्यांच्या गर्दीत असाइनमेंटची लिंक हरवते.

• राग आला तर लिहा, पण पाठवू नका. सकाळी पुन्हा वाचा.

• दुसऱ्याच्या नोट्स वापरल्या, तर त्याचं नाव घ्या.

• ग्रुपमधला कुणी दोन आठवडे दिसला नाही, तर एक मेसेज करा, 'सगळं ठीक ना? नोट्स हव्या असतील तर सांगा.'

• कोर्सच्या शेवटी फीडबॅक फॉर्म भरताना एक चांगली आणि एक सुधारण्याजोगी गोष्ट लिहा. 'ओके ओके' लिहून कुणाचंच भलं होत नाही.

आज पुढे, उद्या मागे

मॅनर्स म्हटलं की आपल्याला वाटतं, कुणीतरी मोठं माणूस हातात छडी घेऊन उभं आहे. इथे तसं कुणी नाही. तुम्ही म्यूटवर काय करता हे कोण बघणार? वर्ग कसा असेल, हे त्यातली माणसंच ठरवतात. एखाद्या बॅचमध्ये पहिल्या आठवड्यात कुणी कुणाला हसलं, की पुढचे तीन महिने सगळे गप्प. आणि एखाद्या बॅचमध्ये कुणी साध्या प्रश्नाला साधं उत्तर दिलं, की दुसऱ्या दिवशी आणखी तिघं धीर करतात. फायदा त्या तिघांचाच नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एक तरी तुमच्या मनात असतोच, फक्त तुम्ही तो विचारलेला नसतो.

शिवाय आपली सगळ्यांची नोकरीच अशी झालीय, की दर दोन वर्षांनी काहीतरी नवं शिकावं लागतंय. आज एसक्यूएलच्या वर्गात तुम्ही पुढे आहात, तुम्हाला सगळं 'बेसिक' वाटतंय. पुढच्या वर्षी कंपनी तुम्हाला भलत्याच टूलच्या ट्रेनिंगला बसवेल. तिथे तेवीस वर्षांची पोरं फाडफाड उत्तरं देत असतील आणि चॅटच्या रकान्यात एक साधासा प्रश्न टाइप करून तुमचं बोट 'सेंड'वर थबकलेलं असेल.